होळी झाली, तेल बदला

होळीची राख निवायच्या आधीच भिकू आमच्या आळीत शिरायचा. खांद्याला धोपटी, कमरेला पंचा, आणि प्रत्येक अंगणाच्या कवाडीशी थांबून एकच हाळी: "होळी झाली वो! तेल बदला!"

श्रीवर्धनाहून हरिहरेश्वराकडे निघालं की वाटेत समुद्राला खेटून आमचं गाव. बारा घरांची आमची आळी, घरांमागे सुपारीच्या वाड्या आणि वाड्यांमागे समुद्राची पुळण. जोशीबुवांनी काढून दिलेला मुहूर्त या आळीत कुणी चुकवला असेल, पण भिकूची हाळी कुणी चुकवली नाही. ती ऐकली की बायका फळीवरचं खोबरेलाचं तांब्याएवढं भांडं खाली काढत आणि त्या जागी वाटी ठेवत. पहिलं महायुद्ध संपून तेव्हा सातआठ वर्षं झाली होती आणि मी आठ वर्षांची होते.

भिकू आमच्या आळीचा न्हावी. आम्ही पोरंसुद्धा त्याला अरेतुरे करत असू. आज त्याची लाज वाटते. हे लिहायला बसले तेव्हा 'भिकाजीराव आले, भिकाजीराव म्हणाले' असं दोन ओळी लिहूनही पाहिलं, पण तो कुणी भलताच गृहस्थ निघाला. म्हणून खोडलं. भिकूने मला क्षमा करावी. त्याने याहून मोठ्या गोष्टींची केलेली आहे.

अंगाने तो काटकुळा, काळा, आणि त्याचं स्वतःचं डोकं तांब्याच्या बुडासारखं गुळगुळीत. गावभर केसांची निगा सांगत हिंडणाऱ्या माणसाच्या डोक्यावर औषधाला केस नसावा याची अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फार मौज वाटे. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान," असं ते सुरू करायचे आणि 'कोरडे पाषाण' म्हणताना त्याच्या टाळूकडे बोट दाखवायचे. भिकू वस्तरा न थांबवता म्हणायचा, "अण्णा, आचारी कवा पंगतीत बसलेला बगितलात?"

त्याचं शास्त्र सोपं होतं. थंडीत खोबरेल कोमट करून रोज, सढळ हाताने जिरवायचं. होळी झाली की ते निम्म्यावर आणायचं आणि न्हाण्याआधी घटकाभर तेवढं टाळूला लावायचं. तेलाने थबथबलेलं डोकं घेऊन उन्हात वाडीत जायचं नाही, कारण तेल, घाम आणि धूळ या तिघांना एका घरात नांदवू नये. न्हाणं आठवड्यावरून तिसऱ्या दिवसावर आणायचं. शिकेकाईत जास्वंदीची पानं कुसकरायची. पाणी विहिरीचं, चुलीवरचं नाही. केस सुकल्यावाचून अंबाडा बांधायचा नाही. पुरुषांनी हजामत सूर्य उगवायच्या आत उरकायची, तासभर उन्हात निघायचं नाही, आणि निघालंच तर टोपीत केळीच्या पानाचा तुकडा ठेवून निघायचं. "डोकं म्हंजे सुपारीचं रोप हाय," तो सांगायचा. "थंडीत खत, उन्हात सावली. उलट केलंव की गेलं."

आणखी एक त्याची करामत होती. समोरच्याच्या टाळूवर अंगठा ठेवून तो डोळे मिटायचा आणि सांगायचा, "अण्णा, काल ताक न्हाय प्यालात. आनि लोनचं दोनदा घेतलंत." ते बरोबर निघायचं. सगळी आळी या अंगठ्याला वचकून असे. पुष्कळ वर्षांनी आईने मला सांगितलं की भिकू आधी मागील दारी येऊन तिला सगळं विचारून घ्यायचा आणि मग वळसा घालून पुढच्या दारी अण्णांच्या टाळूला हात लावायचा. म्हणजे वेळ पडली तर बेमालूम थाप मारायची विद्या त्याच्याकडे पहिल्यापासून होती. ती पुढे कुठे कामाला येणार आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याचा शब्द आळीत पक्का झाला तो माझ्या मामाच्या डोक्यामुळे. मामा मुंबईला एका पेढीत होता. एका चैत्रात तो बोटीने आला तो वासाच्या तेलाची बाटली घेऊन. बाटलीवर पायापर्यंत केस सोडलेल्या एका बाईचं चित्र होतं आणि बूच काढलं की ओटीवरून माजघरापर्यंत मोगरा पसरायचा. भिकूने बाटली नाकाशी धरली आणि म्हणाला, "वास ब्येस हाय. देव्हाऱ्यात ठेवा. ह्या दिसांत डोक्याला नको."

"अरे, तिकडे मोठमोठे बॅरिस्टर लावतात हे," मामा म्हणाला.

"त्ये पंख्याखाली बसतात मामानू. तुमी इथं आंबे उतरवाया चाललाव."

मामाने ऐकलं नाही. तेल चोपडून चार दिवस आमराईत हिंडला. पाचव्या दिवशी त्याच्या डोक्यात केसतुडं उठली. केसाच्या मुळाशी होणारे ते फोड इतके ठणकायला लागले की टोपी घालता येईना, आणि बोडक्याने लग्नाला जाणं त्या काळी शोभणारं नव्हतं, म्हणून ज्या लग्नासाठी तो मुंबईहून आला होता ते लग्न त्याने आमच्या माजघरात बसून साजरं केलं. भिकू दहा दिवस येत राहिला. कडुनिंबाचं पाणी, मग ताक, मग सावलीत डोकं उघडं. एका शब्दाने तो मामाला टोचून बोलला नाही. शेवटच्या दिवशी तेवढं म्हणाला, "मामानू, ती बाटली रिकामी करून द्याल? औषध ठेवाया बरी हाय."

ती बाटली पुढे कुठे गेली हे मला माहीत होतं. ती काशीआत्येच्या फडताळात गेली.

काशीआत्या अण्णांची थोरली बहीण. चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. अंगावर लाल आलवण, डोकं भादरलेलं, आणि घरात तिचा शब्द अण्णांच्याही वर. सोवळंओवळं, उपासतापास, कुणी कुठे पाय ठेवायचा, सगळं तिच्या हुकुमात. आम्ही पोरं तिला भ्यायचो. खरं सांगायचं तर मला ती आवडतही नव्हती. तिच्या जवळ गेलं की ती "लांब हो" म्हणायची आणि मला ते रागावणं वाटायचं.

दर पंधरवड्याला, फटफटायच्या सुमाराला, भिकू तिच्यासाठी मागील दारी यायचा. नीरफणसाखाली एक पाणधोंडा होता, त्यावर ती बसायची. आम्हाला तिकडे फिरकायची बंदी होती आणि म्हणून मी गोठ्याच्या कुडाच्या फटीतून सगळं पाहिलेलं आहे. पुढच्या दारी अखंड बोलणारा भिकू तिथे मुका व्हायचा. मातीच्या घटात वाळा घालून गार केलेलं पाणी तो घरून आणायचा. वस्तरा चामड्यावर परजायचा, आणि तो तिच्या डोक्याला लावण्याआधी स्वतःच्या टाळूवरून एकदा फिरवायचा. धार खरखरते का, पातं ऊन झालंय का, ते आधी स्वतःच्या डोक्यावर बघायचा. उन्हाळ्यात तर तीनतीनदा. त्याचं डोकं गुळगुळीत का होतं ते मला त्या फटीतून कळलं. अण्णांना मी ते कधी सांगितलं नाही, कारण मग मी तिथे काय करत होते ते सांगावं लागलं असतं.

भादरून झालं की तो मामाची ती बाटली पुढे करायचा. वाळा घालून उन्हात मुरवलेलं थोडं खोबरेल त्यात असायचं. सोवळ्या बाईने वासाचं तेल लावणं त्या काळी पाप. काशीआत्या दर वेळी म्हणायची, "भिकू, हे तेल आहे." आणि भिकू दर वेळी म्हणायचा, "तेल न्हाय आत्याबाय, औषध हाय." मग ती बाटली घ्यायची. पायापर्यंत केस सोडलेली ती बाई आत्येच्या हातात उलटी धरलेली असायची.

आता यमूताईचं सांगते.

यमूताई माझी थोरली बहीण, तेव्हा सोळा वर्षांची. तिचे केस गुडघ्याला टेकायचे. ती विंचरायला बसली की खालची टोकं जमिनीला लागू नयेत म्हणून मी ती ओंजळीत धरून बसायची, आणि त्या बदल्यात ती मला गोष्ट सांगायची. तिला म्हसळ्याला दिली होती. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच फाल्गुनात तिकडे तापाची साथ आली. तिचा नवरा तीन आठवड्यांत गेला आणि त्याच तापात यमूताईही बेशुद्ध पडून होती, म्हणून दहाव्या दिवशी व्हायचं ते झालं नाही. अण्णा तिला बैलगाडीत निजवून घरी घेऊन आले. चैत्राच्या शेवटाला ती भिंतीला धरून उभी राहायला लागली आणि वैशाखात म्हसळ्याहून तिचे चुलत सासरे, आप्पा, पंचांग घेऊन आले.

ते ओटीवर झोपाळ्यावर बसले आणि त्यांनी शांतपणे सगळं मांडलं. मुलीचं केशवपन राहिलं आहे. ते झाल्यावाचून तिच्या हातचं पाणी देवाला चालायचं नाही आणि आपल्या घरचं पाणी गावाला. धाकटी आहे तिचं लग्न व्हायचं आहे. धाकटी म्हणजे मी. मी खांबाआडून ऐकत होते, आणि यमूताईचे केस माझ्यापायी जाणार एवढं मला समजलं. मी मागच्या पडवीत पळाले.

अण्णा वाईट नव्हते. भित्रे होते, आणि भित्र्या माणसाच्या हातून वाईट माणसाइतकंच घडून जातं. ते आप्पांना "हो" म्हणाले आणि भिकूला निरोप धाडला. आई दोन दिवस जेवली नाही. यमूताई रोज अधिकच सावकाश केस विंचरायची, आणि मी टोकं धरून बसले की म्हणायची, "घट्ट धर गं."

तिसऱ्या दिवशी उजाडता भिकू आला. यमूताईला नीरफणसाखाली बसवलं. त्या दिवशी मला फटीतून पाहायची गरज पडली नाही, कुणाचं लक्षच नव्हतं. आप्पा आणि अण्णा पडवीत उभे होते, आई आणि काशीआत्या दाराआड. भिकूने घट खाली ठेवला, वस्तरा परजला, स्वतःच्या टाळूवरून फिरवून पाहिला. मग पुढे होऊन त्याने यमूताईच्या भांगात अंगठा ठेवला आणि डोळे मिटले.

नेहमीपेक्षा पुष्कळ वेळ गेला. मग त्याने वस्तरा मिटला आणि धोपटीत टाकला.

"अण्णा, आज न्हाय जमायचं."

"का रे?" अण्णा म्हणाले.

"पोर तापातून उठलीया. सगळी उष्णता टाळूत साठून हाय. ह्या उन्हात वस्तरा लागला तर केसागनिक केसतूड उठंल. मंग ताप फिरंल. मामांचं बगितलंत तुमी, आनि मामा धडधाकट गडी व्हते."

आप्पा पडवीच्या कडेला आले. "तू न्हावी की वैद्य?"

"वैद्य न्हाय, नुसता भादरनारा हाय, आप्पानू. पन डोकं पिकलं की लोक भादरनाऱ्याचंच नाव घ्येतात."

"मग आम्ही श्रीवर्धनाहून दुसरा आणू."

"आना की. चांगले हायत तिथं चौघं. फकस्त भिकू काय बोलला त्ये त्यांस सांगून आना."

हे ऐकल्यावर कोणता न्हावी वस्तऱ्याला हात लावील? आप्पांना ते कळलं. ते हुशार होते. त्यांनी भिकूशी वाद सोडला आणि दाराकडे वळून नम्रपणे विचारलं, "काशीबाई, आपण वडीलधाऱ्या. आपलं वपन होऊन बत्तीस वर्षं झाली म्हणतात. बत्तीस उन्हाळे गेले. आपलं डोकं कधी पिकल्याचं आम्ही तरी ऐकलं नाही. आपणच सांगा याला."

मला वाटलं, संपलं. काशीआत्येने नाही म्हटलं की भिकू खोटा पडणार, आणि काशीआत्या खोटं बोलत नसे हे सगळा गाव जाणून होता. शिवाय आचारविचारांत ती आप्पांच्याही चार पावलं पुढे होती. भिकूने मान खाली घातली.

काशीआत्या दाराच्या आत होती. परपुरुषापुढे ती कधी येत नसे. त्या दिवशी ती उंबरा ओलांडून पडवीत आली.

"पिकलं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच वेळी. असाच वैशाख होता, आणि भरदुपार. दीड महिना मला उशीला डोकं टेकता आलं नाही. आई माझं कपाळ तळहातावर धरून रात्र काढायची. आप्पा, तुम्ही ऐकलं नाहीत, कारण कुणी विचारलं नाही." मग अण्णांकडे बघून ती म्हणाली, "तू दहा वर्षांचा होतास. तुला आठवतं की नाही?"

अण्णा तिथेच पायरीवर बसले. दोन्ही हातांनी त्यांनी डोकं धरलं. आणि माझ्या वडिलांच्या आयुष्यातलं पहिलं धाडसाचं वाक्य मी ऐकलं. "आप्पा, मृग लागू द्या. मग बघू."

आप्पा जेवून निघून गेले. यमूताई केस सावरून उठली, आणि टोकं धरायला मी धावले.

पंधरवड्याने भिकू काशीआत्येसाठी आला तेव्हा मी पुन्हा कुडाच्या फटीशी होते. त्या दिवशी दोघं बोलली. तेलाऔषधापलीकडे मी त्यांना बोलताना पाहिलं ते एवढंच.

"यमूच्या डोक्यात काही नव्हतं," आत्या म्हणाली.

"न्हाय. आरशावानी साफ हाय."

"माहीत आहे. मीच न्हाऊ घालते तिला." तिने आलवण खांद्यावर सारखं केलं. "माझ्या वेळी नाही का रे सुचलं तुला हे?"

भिकूचा हात थांबला. "तवा मी सोळा वर्साचा व्हतो, आत्याबाय. बापाला पटकी झाली म्हनून मला धाडलान. बाईमानसाच्या डोक्याला तवर हात लावला नव्हता. उन्हात ठेवलेला वस्तरा तापला हाय ह्येबी समजलं न्हाय मला. तुमी वरडलात तसा माझा हात अजूनच चळला." त्याने पंच्याने तोंड पुसलं. "त्या दिसापासनं डोक्याचं शिकतो हाय. ज्यो भेटंल त्याला इचारतो. वैदू, गोसावी, हरेश्वराचे जात्रेकरू, कुनीबी. सगळं तुमच्या डोक्यापायी शिकलो. आळीला वाटतं भिकू लई शहाना."

काशीआत्येने मागे न बघता हात पुढे केला. मग म्हणाली, "औषध दे."

मी तिच्या "लांब हो"ला त्या दिवसापासून घाबरले नाही.

पुढे जे झालं ते आठवलं की मला आजही हसू येतं. मृग लागला आणि अण्णांनी भिकूला बोलावलं. भिकूने अंगठा ठेवला आणि म्हणाला, "ओल धरलीया. ह्या हवेत कापलं तर बुरशी धरंल." गणपती गेले, नवरात्र झालं. "हस्ताचं ऊन लई वाईट. दुसरा उन्हाळाच हाय ह्यो." दिवाळी झाली, थंडी पडली. "कोंडा हाय अण्णा, खपल्या निघतील." मग होळी झाली आणि भिकू कवाडीतून ओरडत आला, "तेल बदला!" अण्णांनी विचारायचं म्हणून विचारलं, "काय रे, यमूचं?" भिकू म्हणाला, "आता तर उन्हाळाच आला की वो." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि अण्णा हसायला लागले. मला वाटतं ऋतू आणखी असते तर भिकूला तेवढी आणखी कारणं सुचली असती.

म्हसळ्याहून दोन पत्रं आली, मग यायची थांबली. दुसऱ्या वर्षी मामाने खटपट केली आणि यमूताई पुण्याला बायकांच्या शाळेत गेली. केसांसकट गेली. निघताना तिने भिकूला वाकून नमस्कार केला. सगळी आळी बघत होती. भिकू दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "ताय, देशावरचं ऊन कोरडं असतं. तिथं तेल येवढं कमी करू नको."

माझंही लग्न झालं. आळीत कुणी अण्णांच्या घरचं पाणी सोडलं नाही, किंवा सोडलं असेल तर आम्हाला कळलं नाही. मी अलिबागेला नांदायला गेले आणि दर उन्हाळ्याला माहेरी यायची. यमूताई मास्तरीण झाली होती, तीही सुटीत यायची.

मध्ये दोन उन्हाळे माझं येणं झालं नाही, आणि मग आले तर तीन वर्षं होळीची हाळी आळीने ऐकलीच नव्हती. भिकूने आळीचं काम सोडलं होतं. पहिल्या वर्षी शिमग्याच्या आधी तो अण्णांकडे आला, दोन्ही हात पुढे धरले, आणि ते लटलटा कापत होते. "वस्तरा धरवत न्हाय अण्णा. कुनाचा कान कापायचा यकांद्या दिवशी." अण्णांना वाईट वाटलं. त्याचा मुलगा मुंबईला गिरगावात दुकानात लागला होता, तो काही परत येणारा नव्हता. पुरुष मंडळी श्रीवर्धनच्या न्हाव्याकडे जायला लागली. राहता राहिली काशीआत्या. श्रीवर्धनच्या न्हाव्याने निरोप पाठवला की आमच्या जातीने ठराव केला आहे, आम्ही बाईमाणसाच्या डोक्याला वस्तरा लावत नाही. आणि अण्णा आता भित्रे राहिले नव्हते, किंवा म्हातारे झाले होते. त्यांनी तिसरा न्हावी शोधला नाही.

अशा रीतीने काशीआत्येचे केस वाढले. पंचेचाळीस वर्षांनी. मी गेले तेव्हा ते खांद्यापर्यंत आले होते, पांढरे शुभ्र आणि फार मऊ. त्यांचं काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. फणी उलटी धरायची. यमूताई तिला पुढ्यात घेऊन विंचरायची, आणि ती लहान मुलीसारखी मान वाकडी करून "दुखतंय गं" म्हणायची. एकदा मला हळूच म्हणाली, "होळी होऊन गेली ना? मग मीही तेल बदलायला हवं." मी हो म्हटलं. मामाची ती बाटली अजून होती, चित्रातली बाई घासून पार पुसट झाली होती. दर महिन्याला कुणी ना कुणी ती रिकामी घेऊन जायचं आणि भरून आणून द्यायचं. कोण भरून देतं ते कुणी विचारत नव्हतं.

त्याच वैशाखात माझ्या सासऱ्यांच्या वर्षश्राद्धासाठी आम्ही हरिहरेश्वराला गेलो. भटजींची वाट बघत मी सावलीत उभी होते. देवळामागे, समुद्राकडे उतरणाऱ्या वाटेवर, उंडीच्या झाडाखाली न्हावी बसतात. पितरांचं करायला आलेल्या लोकांची डोकी भादरायचं काम तिथे सारखं चालतं. त्या चौघांत टोकाला एक म्हातारा बसला होता. गुडघ्याशी मातीचा घट. वस्तरा त्याने आपल्या गुळगुळीत टाळूवरून फिरवला आणि मग समोरच्या गड्याच्या कपाळाला लावला.

मी दहा पावलांवरून बघत होते. वस्तरा कपाळापासून मानेपर्यंत एका ओढीत गेला. कानामागच्या वळणावर न थांबता वळला. त्या हाताला एवढासाही कंप नव्हता. आमच्या आळीपासून तीन कोस दूर, जिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं, तिथे भिकू पहिल्यापेक्षाही चांगला भादरत होता, आणि गिऱ्हाइकाला सांगत होता, "आज तेल लावू नका, दादा. संध्याकाळपत्तुर टाळूला वारा लागू द्या."

बारा घरांची बलुत्याची आळी सोडून हा माणूस साठी ओलांडल्यावर रोज तीन कोस चालत इथे येत होता. आपल्या हाताची, ज्या हाताचा त्याला सगळ्यात जास्त अभिमान, त्याच हाताची त्याने गावभर नालस्ती करून घेतली होती. कुणासाठी, ते आता मला कुणी सांगायला नको होतं. माझे डोळे भरून आले आणि मी पदराने पुसायला गेले, तेवढ्यात त्याने मान वर केली.

त्याने मला ओळखलं. आणि मग भिकूचा हात कापायला लागला. चांगला लटलटा. समोरचा गडी "अरे, अरे" करत मागे सरला. मी पटकन पदर तोंडावर ओढला, पाठ फिरवली आणि देवळाकडे चालू लागले, कारण मी तिथे उभी असेपर्यंत तो हात थांबणार नव्हता आणि त्या गड्याचा कान धोक्यात होता.

त्यानंतर भिकू मला दिसला नाही.

घरी परतले तेव्हा काशीआत्या नुकती न्हाऊन मागच्या पडवीत केस वाळवत बसली होती. नीरफणसाखालचा धोंडा समोर रिकामा होता. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "हरेश्वरी भिकू बसतो म्हणे. दिसला का गं?"

"दिसला."

"हात कसा आहे त्याचा?"

"कापतो," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांनी पाहिला."

"बरं," काशीआत्या म्हणाली, आणि केस पाठीवर नीट पसरून वाऱ्याकडे पाठ करून बसली.